बल्ब गेलाय, सर!

सहावीला विजेचा धडा सुरू करताना मी फळ्यावर काहीच काढत नाही. दोघांत मिळून एक सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि वीतभर वायर. होल्डर नाही, बटण नाही. पेटवा म्हणायचं आणि बाजूला व्हायचं.

बहुतेक जोड्या वायरचं एक टोक सेलच्या टोपीला लावतात, दुसरं बल्बच्या बुडाला. "बल्ब गेलाय, सर!" दुसरा दिला तर तोही 'गेलेला'च. मुलांचंही बरोबर आहे. घरात पंखा, मिक्सर, चार्जर, सगळ्यांना एकच वायर दिसते. तिच्या पोटात दोन-तीन वायरी असतात हे बाहेरून कसं कळणार? नळाला पाणी यावं तशी वीज येते आणि बल्बात संपते, ही समजूत पक्की. उत्तर सांगून टाकलं की मुलं माना डोलावतात आणि समजूत जिथल्या तिथे राहते.

मग कुणीतरी बल्ब थेट सेलच्या टोपीवर उभा करतं, सेलच्या बुडाची वायर बल्बच्या पितळी कडेला टेकते आणि वर्गात एकच गलका होतो. आता भिंग काढायचं. बल्बच्या बुडाशी डाखाचा ठिपका, भोवती वीज न वाहणारं कडं, मग पितळ. आतली एक तार ठिपक्याला, दुसरी पितळेला. एवढं पाहिलं की वहीतल्या चित्रांना आपोआप दुसरी वायर फुटते.

हल्ली बाजारात एलईडीचे तयार संच मिळतात. सुरुवातीला मला ते नकोच वाटतात. लाल एलईडीलाही दोनेक व्होल्ट लागतात, दीड व्होल्टच्या एका सेलवर तो पेटत नाही. शिवाय लांब पाय धन बाजूलाच हवा. एकाच वेळी तीन कोडी!

कुणीतरी सेलची दोन्ही टोकं नुसत्या वायरने जोडतंच. "भाजतंय!" सोड म्हणायचं. तिथेच घरच्या 230 व्होल्टची गोष्ट निघते आणि मी तीन पिनांचा प्लग हातात देतो. अर्थिंगची पिन लांब, म्हणजे ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते.

"मग मोबाइलच्या चार्जरला दोनच पिना कशा?" एका मुलीने विचारलं. त्याच्यावर चौकोनात चौकोन छापलेला असतो, म्हटलं. आत दुहेरी इन्सुलेशन, म्हणून अर्थिंग लागत नाही. दुसऱ्या दिवशी ती घरातल्या वस्तूंची यादीच घेऊन आली. मिक्सरपुढे प्रश्नचिन्ह होतं.