मासा टाकीएवढाच वाढतो का?

आज कार्यकारणाचा विचार करताना आम्ही एक घरगुती समजूत उदाहरणासाठी घेतो आहोत: 'मासा टाकीएवढाच वाढतो.' अंथरूण पाहून पाय पसरणं आपल्याला जन्मभर जमत नाही, पण माशाला ते उपजत येतं, असं आपण खुशाल धरून चालतो!

क्लाउन लोच घ्या. केशरी अंग, त्यावर तीन काळे पट्टे. मूळचा सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांतला. ब्लेकर या डच संशोधकाने १८५२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. दुकानात तो पाच सेंटिमीटरचा मिळतो. चांगल्या टाकीत वीस-पंचवीस सेंटिमीटर होतो, निसर्गात तीसच्या आसपास जातो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं वाढ जरा वेगाने, मग वर्षानुवर्षं संथ. आयुष्य वीस वर्षांहूनही अधिक.

आता हिशेब करा. लांबी पाचपट झाली की रुंदी आणि उंचीही साधारण पाचपट होते. म्हणजे वजन सव्वाशेपट! खाणं वाढतं, तशी घाणही वाढते.

मग लहान टाकीत तो लहान का राहतो? मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि पाणी बदलेपर्यंत ते साचत जातं. पाणी थोडं असेल तर लवकर साचतं. माशाची भूक मंदावते, वाढ खुंटते. इथे आपला जुना अन्वय-व्यतिरेक लावून पाहा. त्याच छोट्या टाकीत पाणी नियमित बदललं तर मासा वाढतो. मोठ्या टाकीत पाणी नासू दिलं तर खुरटतो. म्हणजे वाढ काच अडवत नव्हती, पाणी अडवत होतं. ज्याला आपण 'जुळवून घेणं' म्हणत होतो, ते आजारपण होतं.

हे आम्ही फार उशिरा शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्याकडे दोन फुटी टाकीत चार लोच होते. दुकानदार म्हणाला होता, "सर, टाकीएवढेच होतात." ते बोटभरच राहिले, आणि आम्ही त्याला समाधान समजलो. चौथ्या वर्षापर्यंत चारही गेले. वीस वर्षं जगणारा जीव चार वर्षांत संपला, आणि आम्ही मात्र वर्गात ॲरिस्टॉटलची 'सुप्त क्षमता' शिकवत होतो!

हा मासा कळपातला. पाच-सहा तरी एकत्र हवेत. पिलांना चार फुटी टाकी काही काळ पुरते, पुढे सहा फुटी लागते. १८० × ६० × ६० सेंटिमीटर, म्हणजे ६४८ लिटर. एवढी जागा नसेल तर लहान जातीचा लोच पाळता येईल. पण तिथेही विचारूनच घ्या. आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातला बारीक पट्ट्यांचा लोच, बोटिया स्ट्रायटा, लहानच राहतो. मात्र निसर्गात तो संकटग्रस्त ठरला आहे.

तेव्हा दुकानात पिशवीतला मासा केवढा आहे हे दिसतंच. विचारायचं ते एवढंच, की दहा वर्षांनी हा केवढा असेल, आणि तेव्हा आपल्याकडे त्याला जागा असेल का? उत्तर 'नाही' असेल, तर पिशवी तिथेच ठेवावी.