मातीखालचे शहर

ग्रीस देशात कोस नावाचे बेट आहे. त्याच्या बंदराचे नावही कोसच. बोटीतून उतरलो, की आपल्याला समोर दगडी किल्ला दिसतो. जरा पुढे गेलो, की मोडके खांब, जोती आणि भिंती दिसतात. हा दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा बाजार बरं का!

इतकी वर्षे तो होता कुठे? लोकांच्या घरांखाली! १९३३ साली तिथे मोठा भूकंप झाला. घरे पडली, माणसे दगावली. तेव्हा बेटावर इटलीचे राज्य होते. ढिगारे उपसून जमीन खणली, तर खाली जुने शहर निघाले. मग बाजाराच्या जागेवर पुन्हा घरे बांधली नाहीत.

गावाबाहेर ४ किलोमीटरवर एका टेकडीच्या उतारावर तीन मोठे चौथरे आहेत. हे आरोग्याच्या देवाचे, अस्क्लेपिओसचे ठाणे. आजारी माणसे इथे बरी व्हायला येत. प्रसिद्ध वैद्य हिप्पोक्रेटीस याच बेटावरचा. त्याच्या नावावर असलेल्या एका जुन्या ग्रंथात सांगितले आहे, की फेफरे हा देवाचा कोप नव्हे. इतर रोगांसारखाच तोही एक रोग आहे.

आता नवल बघा. दगडी शहर मातीखाली गेले. ते खणून काढावे लागले. पण हे लिहिलेले बोल बुडाले नाहीत. लोकांनी ते पुन्हा पुन्हा उतरून घेतले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले.

आपणही आता वाचू लागलो आहोत. घरात कुणाला फेफरे आले, तर हे बोल आठवू या आणि त्याला डॉक्टरकडे नेऊ या.