पांढऱ्या वाटा आणि मुरमाच्या वाटा

इटलींतील तोस्काना प्रांतांत किआंटी हा द्राक्षमळ्यांचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील खडीच्या पांढऱ्या वाटा डांबराखालीं नाहींशा होऊं लागल्या, तेव्हां जांकार्लो ब्रोच्ची या गृहस्थांनीं १९९७ सालीं गायोले गांवाहून ‘एरोइका’ ही सायकलयात्रा आरंभिली. प्रथम वर्षीं स्वार अवघे ९२. सायकली जुन्या घडणीच्याच हव्यात, हा तेथील दंडक! २००७ पासून त्याच वाटांवर व्यावसायिक स्वारांची शर्यतही होते.

आमच्या वाशीमकडे, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माकडे, द्राक्षें नाहींत. सोयाबीन, तूर नि कपाशी आहे. परंतु चढउतारांस तोटा नाहीं. येथील काटेपूर्णेचें पाणी तापीमार्गें पश्चिमसमुद्रास जातें, तर पैनगंगेचें गोदावरीमार्गें पूर्वसमुद्रास. या दोहोंमधील उंचवट्यावर सायकल चढविणाऱ्यास भूगोल पोटऱ्यांनींच कळतो.

मात्र इटलींतील हौस येथें गरज आहे. मुरमावर पावसांतही चाक फिरतें. काळ्या मातींत चिखल मडगार्डांत दाटून तें जागींच थांबतें, आणि शाळेस निघालेला मुलगा सायकल खांद्यावर घेऊन चालतो. पाणंद रस्त्यांकरितां सरकारनें २०२१ सालीं मातोश्रींच्या नांवें योजना काढली, हें योग्यच झालें. तथापि प्रत्येक पाणंदीस डांबर हवेंच, असें आम्हांस वाटत नाहीं. चांगला दाबलेला मुरूम, मध्यें किंचित् उंचवटा नि दोहों बाजूंस मोकळे चर एवढ्यानें पुष्कळ भागतें. अडचण चरांचीच आहे. शेजारचा नांगर दरवर्षीं वीतभर पुढें सरकतो.