भिंतीतील फडताळास घरच्या घरी पत्र्याचे दार

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. या कुंकवाचे मूळ हळदीत आहे. हळदीच्या पुडीशी चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाचा संयोग होताच ती तांबडी होते, हा गुणधर्म प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतो. त्यावरच हा सारा व्यवसाय उभा आहे. जेथे शेती आणि असा घरगुती उद्योग एकाच छपराखाली चालतो, तेथे राहते घर हेच कोठार व तेच कारखाना होऊन बसते. मग ज्वारीचे बियाणे, हळदीची पूड, मुलांची औषधे आणि फवारणीच्या औषधाची अर्धी उरलेली बाटली ही सर्व एकाच भिंतीतील फडताळात येऊन पडतात. फडताळास दार नसते, किंवा असल्यास ते फळ्यांचे, खालच्या कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेले असते.

ही स्थिती केवळ केममध्ये आहे असे नाही. परंतु ज्या गावातून निघालेली वस्तू माणसे कपाळी लावतात, त्या गावात विषारी औषध व हळद यांच्यामध्ये एक पक्के दार असावे, हे विशेष अगत्याचे आहे. असे दार शेतकऱ्यास एका दिवसात स्वतः करता येते. ते कसे करावे, याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविण्याच्या दृष्टीने येथे दिली आहे.

लाकडाऐवजी पत्रा का, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात व ते झिजविण्यासाठी त्यास सतत काही तरी कुरतडावे लागते. लाकूड त्यास पुरते. लोखंड पुरत नाही. शिवाय पावसाळ्यात लाकडी दार फुगते व उन्हाळ्यात आटून त्यास फटी पडतात. मीटरभर लांबीचे लोखंडी दार तापमानात तीस अंशांचा फरक पडला, तरी अर्ध्या मिलिमीटरनेही वाढत नाही. म्हणून एकदा नीट बसविलेली फट वर्षानुवर्षे तेवढीच राहते.

पत्रा पातळ असतो, तो डुगडुगेल, ही भीती मात्र निराधार आहे. मुंबईच्या गोदरेज कारखान्याने १९२३ साली पोलादी कपाट बाजारात आणले, आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १९५१ साली याच कारखान्याने विक्रोळी येथे १२ लाखांहून अधिक मतपेट्या तयार केल्या. अशा वस्तूंची मजबुती केवळ पत्र्याच्या जाडीत नसते. ती त्याच्या दुमडींत असते. कागदाची सपाट पट्टी टोकाला धरली असता वाकते, परंतु तीच मधोमध उभी मुडपली की ताठ राहते. कारखान्यात ही दुमड यंत्र पाडते. आपण ती दोन अँगल व एक लाकडी हातोडा यांच्या साह्याने पाडावयाची आहे.

समजा, फडताळाचे तोंड ६० सेंटिमीटर रुंद व ९० सेंटिमीटर उंच ठेवावयाचे आहे. चौकटीसाठी ४० × ४० × ३ मिलिमीटरचा अँगल सुमारे साडेतीन मीटर लागतो; त्याचे वजन सहा किलोच्या आसपास भरते. अँगलची एक बाजू फडताळाच्या आत व दुसरी भिंतीच्या दर्शनी अंगावर येईल अशी चौकट करावी, म्हणजे भिंतीच्या ढासळलेल्या कडाही झाकल्या जातात. चारही कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून लोहाराकडून सांधून घ्यावेत. चौकट काटकोनात आहे की नाही हे गुण्याने पाहावेच, पण गुण्यापेक्षा दोरी अधिक विश्वासाची आहे. दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते सारखे, म्हणजे १०८ सेंटिमीटरांहून किंचित अधिक भरले पाहिजेत.

दगडमातीच्या भिंतीत ही चौकट बसविताना पुष्कळांची फसगत होते. सिमेंट काँक्रीटमध्ये चालणारे स्क्रू व बोल्ट मातीच्या सांध्यात धरत नाहीत. चार महिन्यांत ते खुळखुळू लागतात. त्याऐवजी वीतभर लांबीच्या लोखंडी पट्ट्या घेऊन त्यांची टोके माशाच्या शेपटीप्रमाणे फाडावीत व उभ्या प्रत्येक बाजूस दोन याप्रमाणे त्या चौकटीस पक्क्या कराव्यात. भिंतीत खाचा घेऊन, त्या भिजवून, एक भाग सिमेंट व चार भाग वाळूच्या मसाल्यात या पट्ट्या गाडाव्यात. ओळंबा लावून पाहावा आणि आठवडाभर पाणी मारावे. तोवर दार टांगू नये.

दारासाठी २२ गेजचा, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीचा, सपाट जस्ती पत्रा घ्यावा. दार चौकटीवर सर्व बाजूंनी दीड सेंटिमीटर चढले पाहिजे, म्हणून त्याचे माप ६३ × ९३ सेंटिमीटर होते. यात प्रत्येक बाजूस दोन सेंटिमीटरची उभी दुमड व तिच्याही टोकास एक सेंटिमीटरची पूर्ण उलटी घडी धरली की, कापावयाचा तुकडा ६९ × ९९ सेंटिमीटरचा येतो. प्रस्तुत लेखकाने पहिल्या खेपेस ही घडी हिशेबात धरलीच नव्हती. ते दार चौकटीवर न बसता चौकटीच्या तोंडातून थेट आत गेले! आखणी करताना म्हणूनच बाहेरच्या रेघेपासून आत मोजत यावे.

आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा एका पूर्ण पत्र्यातून या मापाचे तीन तुकडे निघतात व वर पट्ट्यांपुरता पत्रा उरतो. दोन-तीन घरांनी मिळून पत्रा आणल्यास खर्च विभागला जातो.

तुकड्याच्या चारही कोपऱ्यांतून तीन सेंटिमीटरचे चौरस पत्राकात्रीने कापून काढावेत. हातात जाड मोजे असल्याखेरीज हे काम करू नये. कापलेला पत्रा सुरीसारखाच लागतो. प्रथम कडेची एक सेंटिमीटरची घडी आतल्या अंगास उलटून सपाट ठोकावी, म्हणजे धार नाहीशी होते. त्यानंतर पत्रा दोन अँगलांमध्ये आखलेल्या रेघेवर घट्ट आवळावा व बाहेर राहिलेला भाग लाकडी हातोड्याने खाली बसवावा. येथे घाई हाच मोठा शत्रू आहे. एकाच ठिकाणी पुरता काटकोन पाडून पुढे सरकल्यास पत्रा ताणला जाऊन दारास पोक येतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडे थोडे वाकवीत जावे आणि अशा तीन-चार फेऱ्यांत काटकोन साधावा. कोपऱ्यांत आतून लहान काटकोनी तुकडे लावून रिव्हेट मारावेत. उरलेल्या पत्र्याची एक पट्टी लांबीत दुमडून दाराच्या आत मधोमध आडवी रिव्हेटने जोडावी. डुगडुग तत्काळ थांबते.

जस्ती पत्रा वितळजोडाने सांधू नये. जळत्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेल्यास थंडी-ताप भरतो. चौकट लोहाराकडून वितळजोडाने करून घ्यावयाची असल्यास तिचा अँगल साधाच घ्यावा व तीस तांबडा गंजरोधक रंग द्यावा. कीटकनाशकाच्या रिकाम्या पिंपाचा पत्रा कितीही धुतला तरी वापरू नये, हे वेगळे सांगावयास नको. तरीही सांगितलेले बरे.

तीन बिजागऱ्या पुरेत. त्यांचे एक पान दाराच्या उभ्या दुमडीवर व दुसरे चौकटीच्या उरलेल्या रुंदीवर येते. पातळ पत्र्यात बिजागरीचा रिव्हेट फाटून निघतो, म्हणून दुमडीच्या आतून तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी द्यावी. कडी-कोयंडा लावतानाही तसेच करावे.

दार बसल्यावर खरी परीक्षा शिसपेन्सिलीने घ्यावी. लहान उंदराचे पिल्लू सहा मिलिमीटरच्या, म्हणजे दोन सुतांच्या, फटीतून आत जाते. ज्या फटीत शिसपेन्सिल शिरते त्या फटीत उंदीर शिरेल असे समजावे व ती फट पट्टी लावून बुजवावी. रात्री आत विजेरी ठेवून दार लावल्यास कोठून उजेड येतो तेही कळते. हळदीत पडणारे बारीक भुंगेरे मात्र कोणत्याही दारास जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी आत घट्ट झाकणाचा डबाच हवा. रासायनिक खते या फडताळात ठेवू नयेत. ती ओल धरतात व पत्रा खातात.

बियाणे व विषारी औषध यांसाठी दोन वेगळी फडताळे व दोन वेगळी कुलुपे असावीत. औषधाचे फडताळ निजण्याच्या वा स्वयंपाकाच्या खोलीत नसावे. ते गोठ्याकडील किंवा पडवीतील भिंतीत, मुलांच्या हातापेक्षा उंच असावे. औषध मूळ बाटलीतच, चिठ्ठीसह ठेवावे. धान्यात घालावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओलीशी संबंध येताच प्राणघातक वायू सोडतात. त्या कुलपात असोत वा नसोत, घरात ठेवूच नयेत.

कुलपाच्या मर्यादाही कार्यकर्त्यांनी ओळखल्या पाहिजेत. श्रीलंकेतील अनुराधपूर जिल्ह्यात १८० गावांत एक मोठा प्रयोग झाला. त्यातील निम्म्या गावांमधील शेतकरी कुटुंबांना कीटकनाशके ठेवण्यासाठी कुलपाच्या पेट्या देण्यात आल्या. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पेट्यांमुळे जाणूनबुजून विष घेण्याचे प्रमाण घटल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. किल्ली घरातल्या मोठ्या माणसांना ठाऊकच असते. लहान मूल, उंदीर व चुकीने पडणारा हात यांना पत्र्याचे दार अडवील. दुःखाने ग्रासलेल्या माणसास ते अडवील असा भरवसा धरू नये. म्हणून एका फवारणीस लागेल तेवढेच औषध विकत घ्यावे, आणि घरात कोणी फार खचलेले दिसत असेल तर औषध त्या घरातून हलवावे व त्या माणसाजवळ बसावे.

बिजागऱ्यांना वर्षातून एकदा, मृग लागण्यापूर्वी, तेल द्यावे. त्याच वेळी शिसपेन्सिल पुन्हा एकदा चारही बाजूंनी फिरवून पाहावी. मातीची भिंत पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत थोडी तरी खचते.