उधाणावर पिकलेलं बेट

कापूरबावडीवरून घोडबंदर रोडला लागलं की डाव्या हाताला येऊरचा डोंगर आणि उजवीकडे, टॉवरांच्या रांगेपलीकडे, उल्हासची खाडी. बाळकुम, कोलशेत, कावेसर, ओवळे ही आगरी-कोळ्यांची गावं, डोंगरात वारल्यांचे पाडे. साष्टी बेटाच्या या काठाचं पोट एका हिशेबावर चालायचं: खाडीचं पाणी आत कधी घ्यायचं आणि बाहेर कधी ठेवायचं.

तो हिशेब सांभाळायची बांधातली उघाडी, म्हणजे वरच्या बाजूला अडकवलेली लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. भरतीचा रेटा आला की आपसूक मिटते. पहिल्या सरींनी जमिनीतला खार धुऊन निघाला की भात धरायचं. राता हा तांबड्या दाण्याचा भात खार सोसतो. उघाडीच्या तोंडाशी जाळं लावलं की बोय, कोळंबी, नशिबात असेल तर जिताडाही.

दिवाळीनंतर मिठागरं जागी व्हायची. फुटके बांध चिखलाने लिंपायचे, वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून टणक करायचा. उधाणाचं पाणी मोठ्या कोंडीत घेऊन उन्हाने आटेल तसं पुढच्या वाफ्यात उतरवायचं. एक दशांशाच्या आसपास उरलं की मीठ धरू लागतं. उरलेलं कडू पाणी वेळेवर काढून टाकलं नाही तर मीठही कडवट होतं. मग लांब दांड्याच्या फळीने ओढून ढीग. वळवाची एक सर चुकीच्या दिवशी आली, तर आठवड्यांची मेहनत विरघळते.

बांध ज्याच्या हाती, उत्पन्न त्याच्या हाती. १८७० साली इंग्रज सरकारने मिरे, भाईंदर, घोडबंदर ही गावं रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या करारावर दिली. त्यांनी खाडी अडवणारा बांध राखायचा आणि बदल्यात शेतकऱ्यांकडून पिकाचा तिसरा हिस्सा घ्यायचा. १९४८ च्या खारजमीन कायद्याने बांधांची काळजी सरकारी मंडळाच्या अखत्यारीत आली.

शहर वाढलं तशी खाडीची रेतीही पैसा झाली. गायमुख, नागला बंदराकडे रेतीच्या होड्या लागत. डुबी, म्हणजे बुडी मारणारा मजूर, बादली घेऊन बांबूच्या आधाराने तळाशी जायचा, श्वास कोंडून बादली भरायचा. पुढे सक्शन पंप आले, काठ ढासळू लागले. २०१० साली उच्च न्यायालयाने उपशावर बंदी आणली.

त्याच रेतीच्या इमारतींनी शेतं गिळली. मोघरपाड्याच्या जमिनीवर मेट्रोच्या कारशेडचा आराखडा आला, तेव्हा शेतकरी अडून बसले ते उगीच नव्हे. जमिनीचा पैसा एकदाच हाती येतो. तिचं भात, मीठ आणि मासळी दरसाल यायची.

भरावाला उघाडी नसते. धो धो पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पाणी रस्त्यावर थांबतं. याच बेटावर, जुहूजवळ, इर्ला नाल्याचं पाणी समुद्रात फेकायला मुंबई महापालिकेला कोट्यवधींचं पंपिंग स्टेशन बांधावं लागलं. बांधाआडच्या शेतात असं पाणी ओहोटीपर्यंत थांबायचं आणि मग लाकडाची एक झडप ते बाहेर सोडायची, तेही पंपाशिवाय.