दातांचे दुखणे आणि रुग्णाचे म्हणणे

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ असे म्हणून आपण दैवाला बोल लावतो. पण दात पडतात ते पुष्कळदा दैवामुळे नव्हे, तर वेळेवर उपचार न झाल्यामुळे. ते वेळेवर का झाले नाहीत, हे रुग्णाइतके नेमके दुसरे कोण सांगणार?

कोलकात्यात सियालदह स्थानकापासून जवळच डॉ. आर. अहमद दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. भारतातील हे पहिले दंत महाविद्यालय. पूर्व बंगालात जन्मलेले डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्यकाचे पदवीधर झाले. बोस्टन येथे गोरगरिबांच्या मुलांसाठी चालणाऱ्या फोर्सिथ दंतरुग्णालयात त्यांनी काम केले आणि १९१९ साली मायदेशी परतून पुढच्याच वर्षी हे महाविद्यालय सुरू केले. त्यासाठी लागणारा पैसा त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ या आइस्क्रीमच्या दुकानातून उभा केला. गोड खाऊच्या मिळकतीवर दातांचे रुग्णालय उभे राहिले, हा योग मौजेचाच! १९४९ साली त्यांनी ही संस्था पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केली. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, आपल्याकडे राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

या घटनेला शतक लोटले. तरीही पुरुलिया, बांकुडा, झाडग्राम या जिल्ह्यांतील संथाळ व मुंडा कुटुंबांना, किंवा उत्तरेकडील चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या उरांव मजुरांना दंतवैद्याची खुर्ची अजून दूरच वाटते. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात तापाचे औषध मिळते, मुलांना लस टोचली जाते. दंतवैद्य मात्र बहुधा मोठ्या रुग्णालयातच भेटतो. तेथे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. प्रवासखर्च निराळाच. दात वाचवायचा तर दोन-तीन खेपा घालाव्या लागतात. म्हणून माणूस लवंग दाबून, गुळण्या करून दिवस काढतो आणि ठणका असह्य झाला की मगच निघतो. तोवर दात काढण्यावाचून उपाय उरलेला नसतो. तो घरी परतला की ‘तेथे गेले की दात उपटतात’ ही वार्ता गावभर होते, आणि पुढचा रुग्ण त्याहूनही उशिरा निघतो. हे अज्ञान नव्हे. अनुभवातून काढलेला निष्कर्ष आहे.

काही समजुती मात्र चुकीच्या आहेत, आणि त्या केवळ आदिवासींच्याच नव्हेत, शहरी सुशिक्षितांच्याही आहेत. वरचा दात काढल्याने दृष्टी जात नाही. यंत्राने दात साफ केल्याने ते खिळखिळे होत नाहीत. किटण निघाल्यावर आधीचीच फट आणि आधीचाच सैलपणा दिसू लागतो, एवढेच. पण हे हसून किंवा रागावून सांगितले तर रुग्ण पुन्हा फिरकत नाही. ते त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी भाषेला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. तिला दवाखान्यातही स्थान मिळायला हवे.

रुग्णाचे ऐकून दवाखाना कसा घडवता येतो, याचे एक उदाहरण महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी रुग्णालय उभारण्यापूर्वी आदिवासींनाच त्यांची इच्छा विचारली. मोठ्या इमारतीत बुजायला होते, पांढरे कपडे पाहून प्रेताचे वस्त्र आठवते, सोबत आलेल्या नातलगांना राहायला जागा नसते, असे लोकांनी सांगितले. म्हणून तेथे गावातल्यासारख्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि दवाखान्याला लोकांच्या दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. तो दवाखाना सर्वच आजारांसाठी आहे. पण त्याने दिलेला धडा दंतवैद्यकालाही तितकाच लागू पडतो.

२०१४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम हाती घेतला. सरकारी रुग्णालयांतील दातांचे विभाग सुसज्ज करणे हा त्याचा एक हेतू. खुर्च्या व यंत्रे आली म्हणजे अर्धे काम झाले. दुखण्यापूर्वीच गावात तपासणी होणे, खेपा कमी पडतील अशी आखणी करणे आणि दोन शब्द धीराचे बोलणे, हे उरलेले अर्धे.

आपल्या घरीही थोडे पाहावे. कडुनिंबाची किंवा सालाची काडी हळुवार वापरली तर तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र फ्लोराइडयुक्त पेस्टने सकाळी व रात्री दात घासणे अधिक हितकर. बंगाल-ओडिशाकडील गुडाखू आणि आपल्याकडील मशेरी ही दंतमंजने नव्हेत. ती तंबाखूच होय. तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, पांढरा चट्टा दिसला किंवा तोंड पुरते उघडेनासे झाले, तर दुखत नसले तरी डॉक्टरांकडे जावे.

आणि घरातील वृद्ध आजी ‘दात काढायला नको’ म्हणाल्या, तर त्यांच्यावर रागावण्यापूर्वी त्यांना कशाची भीती वाटते, ते एकदा विचारावे. उपचाराची सुरुवात तेथूनच होते.