'इन' म्हणजे दरवेळी 'नाही' नव्हे!

आजच्या भागात इंग्रजीतल्या दोन विशेषणांबद्दल बोलूया: फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल.

दिवाळीआधी घरी रंगकाम चाललं होतं. बाबांनी थिनरचा डबा उचलून थेट ओट्यावर, गॅसशेजारी ठेवला. मी ओरडलो, तर त्यांनी मलाच लेबल दाखवलं. "अरे, इन्फ्लेमेबल लिहिलंय बघ. करेक्टच्या उलट इनकरेक्ट, तसं फ्लेमेबलच्या उलट हे. म्हणजे पेट न घेणारं!"

लॉजिक एकदम बरोबर वाटतं ना? पण या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे: ज्वलनशील, चटकन पेट घेणारं. डबा आधी बाल्कनीत नेला, मग समजावत बसलो.

असं का होतं? लॅटिनमधून इंग्रजीत दोन वेगवेगळे 'इन' आलेत. एक नकाराचा, आपल्या 'अ'सारखा. योग्य-अयोग्य, तसं करेक्ट-इनकरेक्ट. दुसऱ्याचा अर्थ 'आत'. इन्फ्लेम म्हणजे पेटवणे, त्यात हा दुसरा 'इन' आहे आणि इन्फ्लेमेबल त्याच घरातला. डॉक्टर ज्याला इन्फ्लेमेशन म्हणतात, तो दाहसुद्धा त्यांचाच नातेवाईक!

खरं तर इन्फ्लेमेबल हाच जुना शब्द. पण लोकांचा बाबांसारखाच घोळ होईल, या भीतीने १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 'फ्लेमेबल' वापरायचा आग्रह धरला. न पेटणाऱ्या वस्तूसाठी शब्द आहे नॉन-फ्लेमेबल.

आता दुसरी जोडी: व्हॅल्युएबल आणि इनव्हॅल्युएबल. इथला 'इन' नकाराचाच आहे, तरी अर्थ उलटा होत नाही. व्हॅल्युएबल म्हणजे मौल्यवान. इनव्हॅल्युएबल म्हणजे ज्याची किंमतच करता येत नाही असं. आपला 'अमूल्य' अगदी तसाच बनलाय. कवडीमोल म्हणायचं असेल तर वर्थलेस. त्यामुळे बॉसने मेलमध्ये तुमच्या कामाला इनव्हॅल्युएबल म्हटलं, तर रुसू नका, पार्टी द्या.

आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं, तर 'इन म्हणजे नाही' हा नियम बहुतेक वेळा चालतो, पण एज केसला फसतो. मेलमध्ये फसलात तर हसू होईल. डब्यावर फसलात तर आग लागेल. म्हणून लेबलवर इन्फ्लेमेबल दिसलं, की डबा गॅसपासून लांब!

तुमच्या घरात असा घोळ झालाय का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!